न्हाणीघराच्या पडद्यातून आलेली चड्डी
लंगोटावर रबरी चड्डी चढवली की बाळाचं अंथरूण कोरडं राही, पण कोवळ्या मांड्या लालेलाल होत. अमेरिकेत १९४६ साली मॅरियन डोनोव्हन या आईने न्हाणीघराचा पडदाच कापून नवं आवरण शिवलं. पुढे पॅराशूटचं नायलॉन घेतलं, आणि सेफ्टी पिनांऐवजी टिचबटणं लावली. केवढी मोठी सोय! १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू दुकानात आलं. पेटंट १९५१ चं. आजच्या बहुतेक आवरणांत पॉलिस्टरला आतून पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो. इस्त्री किंवा उकळतं पाणी त्याला सोसत नाही. घालताना मांडीपाशी नीट बघा: आतल्या सुती कापडाची बोटभर कड जरी बाहेर राहिली, तरी ओल तिथूनच दुपट्यापर्यंत पोहोचते.