ड्रायव्हर अ‍ॅपच्या पोटात

वजनकाटे, जीपीएस रिसीव्हर, आर्डुइनो बोर्ड, कारखान्यातले मीटर अशी कितीतरी यंत्रे आजही सिरियल पद्धतीने, एकामागून एक बिट पाठवत बोलतात. या संवादाचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. संगणकावरून तो जुना पोर्ट गेला, यंत्रे राहिली; मग दोहोंच्या मध्ये यूएसबी-सिरियल चिप आली.

अशी यंत्रे थेट मोबाइलला जोडण्याची सोय ‘यूएसबी सिरियल फॉर अँड्रॉइड’ ही मुक्त लायब्ररी करते. पिंपातून किती बिअर ओतली गेली हे मोजणाऱ्या ‘केगबॉट’ या प्रकल्पातून ती निघाली. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.१ सोबत यूएसबी होस्टची सोय आली होती, पण चिपांचे ड्रायव्हर बऱ्याच फोनच्या कर्नलमध्ये नसत. असले तरी फोन रूट केल्याशिवाय साध्या अ‍ॅपला ते वापरता येत नसत. लायब्ररीने ड्रायव्हर जावामध्ये लिहून अ‍ॅपमध्येच आणला. तिचे खरे मोठेपण यात आहे.

ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप पाहा. फोनला यूएसबी होस्ट बनवणाऱ्या ओटीजी केबलने ती जोडताच फोन तिचा व्हेंडर आयडी वाचतो. डेटाशीटमध्ये तो षोडशमान पद्धतीने ०४०३ असा असतो, अ‍ॅपच्या फिल्टर फाइलमध्ये मात्र सहसा दशमानात, १०२७ असा लिहितात. वापरकर्त्याने परवानगी दिली की वेग ठरवायचा. ९६०० बॉड हवा असेल, तर ३० लाखांना ९६०० ने भागून ३१२.५ हा भाजक चिपला कळवायचा. तो अर्धाही ठरलेल्या बिटांत बसवावा लागतो. पुढे डेटा येतो तो जास्तीत जास्त ६४ बाइटांच्या गठ्ठ्यांत. प्रत्येक गठ्ठ्याचे पहिले दोन बाइट चिपच्या स्थितीचे असतात. ते गाळले नाहीत, तर वजनाच्या आकड्यांत कचरा मिसळतो.

सीपी२१०२, पीएल२३०३, स्वस्त बोर्डांवरची सीएच३४० या इतर यूएसबी-सिरियल चिपा: प्रत्येकीच्या आज्ञा वेगळ्या.

आर्डुइनो उनोची खोड आणखी निराळी. अ‍ॅपने डीटीआर सिग्नल चालू केला की बोर्ड रिसेट होतो आणि काही क्षण बूटलोडरमध्ये अडकतो. तेवढ्यात पाठवलेली आज्ञा वाया जाते आणि दोष उगाच केबलवर येतो. डीटीआर चालू केल्यावर थोडे थांबावे, हा त्यावर सोपा उपाय.

आयफोनवर ही मोकळीक नाही. २०२३ मध्ये आयफोन १५ ला यूएसबी-सी आले, तरी कुठल्याही सिरियल चिपशी थेट बोलण्याची मुभा अ‍ॅपला मिळाली नाही. तेव्हा अँड्रॉइड फोनसाठी यंत्र विकत घेण्याआधी त्यात कोणती चिप आहे हे विक्रेत्याला विचारा, आणि आपला फोन ओटीजीला साथ देतो की नाही हे तपासून घ्या.