जिटर बफर: किती मोठा ठेवायचा?

समजा, तुम्ही अ‍ॅस्टेरिस्क सर्व्हरवरच्या कॉलच्या दर्जाचा अभ्यास करताय. आवाजाचं पॅकेट साधारण दर 20 मिलिसेकंदांनी निघतं. पण पोचताना दोन पॅकेटांत कधी 5, कधी 60 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. हा चढउतार म्हणजे जिटर. जिटर बफर पॅकेटं थोडी थांबवून ठेवतो आणि समान अंतराने पुढे सोडतो.

मग बफर मोठाच ठेवू की! इथेच तर मेख आहे. बफर मोठा, तर उशीर मोठा. आणि आयटीयूच्या जी.114 शिफारशीनुसार एकतर्फी उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. बफर लहान, तर उशिरा आलेलं पॅकेट फेकलं जातं. ऐकणाऱ्यासाठी ते हरवल्यासारखंच.

अ‍ॅस्टेरिस्कमध्ये फिक्स्ड आणि अडॅप्टिव्ह असे दोन प्रकार आहेत. अडॅप्टिव्ह बफर नेटवर्क बघून स्वतःचा आकार बदलतो. म्हणजे प्रयोग चालू असताना तुमचं उपकरणच बदलत असतं! तुलना करायची असेल, तर आधी फिक्स्ड घ्या.

माझी चूक सांगते. बफरने फेकलेली पॅकेटं मी 'नेटवर्कमध्ये हरवलेली' म्हणून मोजली. दोन महिन्यांची रीडिंग्ज बाद. म्हणून पॅकेटं बफरच्या आधीच, वायरशार्कने पकडा.

आणखी एक. आरटीसीपीच्या अहवालातल्या जिटरमध्ये प्रत्येक नव्या फरकाचा परिणाम फक्त 1/16 इतकाच धरतात, त्यामुळे अचानक बसलेला झटका त्यात दबून जातो. बफर ठरवताना उशिराचा 99 वा पर्सेंटाइल स्वतः काढा. ऐकणाऱ्याला सरासरी ऐकू येत नाही, तुटलेला शब्द ऐकू येतो.