बक्षीस आणि बंदी : आर. आर. पाटील यांच्या कारकिर्दीचा हिशेब

आमदाराच्या कामाचा हिशेब मांडायचा तर आपण सहसा दोनच मापं काढतो : किती वेळा निवडून आला आणि किती वर्षं मंत्री होता. या मापांनी आर. आर. पाटील यांची नोंद घसघशीत आहे. १९७९ ते १९९० सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य, १९९० पासून २०१४ पर्यंत विधानसभेच्या सलग सहा निवडणुकांत विजय, १९९९ पासून ग्रामविकास मंत्री, डिसेंबर २००३ पासून गृहमंत्री आणि २००४ पासून उपमुख्यमंत्रीही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर एका बेजबाबदार वाटलेल्या विधानावरून राजीनामा, पुढच्याच वर्षी गृहखात्यात पुनरागमन, आणि १६ फेब्रुवारी २०१५ रोजी अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी निधन. या सनावळीतून पदं कळतात, राज्यकर्ता कळत नाही. तो कळायचा तर त्यांनी कोणत्या कामाला सरकारचं कोणतं हत्यार लावलं, हे पाहावं लागतं. वकिलीची पदवी घेतलेल्या या मंत्र्याला यश मिळालं ते कायद्याविना. आणि ज्या कायद्याने त्यांचं नाव देशभर झालं, तो न्यायालयात टिकला नाही.

२०००-०१ मध्ये सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आधी घ्यावं. त्यापूर्वीचा शासकीय मार्ग अनुदानाचा होता. घरटी पैसे द्यायचे, शौचालयं बांधून घ्यायची आणि उद्दिष्टपूर्तीचा अहवाल वर पाठवायचा. बांधकामं झाली, पण कित्येक गावांत त्यांत सरपण आणि अडगळ साठली. अभियानाने हा क्रम उलटा केला. आधी पैसा नाही. गावाने श्रमदान आणि लोकवर्गणीतून काम करायचं, तपासणी समितीने येऊन गुण द्यायचे, आणि तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत राज्यात पहिल्या आलेल्या गावाला २५ लाखांचं बक्षीस. बहुतेक गावांना बक्षीस मिळणार नव्हतंच. तरीही ती राबली, कारण शेजारच्या गावापुढे मान खाली घालायची कोणाची तयारी नव्हती. गावकीची जी ईर्षा एरवी निवडणुकीत आणि कुस्तीच्या फडात खर्ची पडते, ती इथे गटारं आणि उकिरड्यांच्या कामाला लागली. यासाठी विधेयक आणावं लागलं नाही, कोणावर गुन्हा नोंदवावा लागला नाही; शासन निर्णय पुरेसा ठरला. केंद्राने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला, तेव्हा त्यातही बक्षीस एकेका घराला नव्हतं, हागणदारीमुक्त झालेल्या अख्ख्या गावाला होतं. आणि सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्रातली गावं त्यात आघाडीवर राहिली.

आता डान्सबार. मार्च २००५ मध्ये बंदीची घोषणा झाली. आधी अध्यादेशाचा मार्ग धरला गेला, राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी तो परत पाठवल्यावर विधेयक आलं आणि जुलैमध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केलं. मुंबई पोलीस अधिनियमात दोन कलमं वाढली. ३३-अ ने परमिट रूम, बिअर बार आणि खाणावळींतलं नृत्य गुन्हा ठरवलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ३३-ब ने तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने वगैरेंना सूट दिली. कायद्याचं मरण या सूटीतच होतं. स्त्रीच्या प्रतिष्ठेसाठी नृत्य थांबवायचं, तर दारात उभ्या गाडीच्या किमतीवरून ती प्रतिष्ठा बदलते कशी? १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या दोन्ही मुद्द्यांवर बंदी रद्द केली; १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि बंदीमुळे बारमधल्या स्त्रियांचा रोजगार बुडाला, याचीही नोंद घेतली. २०१४ मध्ये सूट काढून टाकून बंदी पुन्हा आणली गेली. तिलाही २०१५ मध्ये स्थगिती मिळाली.

यावर पहिला आक्षेप असा की, ही तुलनाच चुकीची आहे. गाव झाडायला बक्षीस चालतं. बारमालक, हप्ते आणि गुन्हेगारी यांच्यापुढे कायद्याचाच बडगा हवा. आक्षेप अर्धा खरा आहे. पण बडगा आधीच हातात होता. अश्लील कृत्यांविरुद्ध दंडसंहितेचं कलम २९४, अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, परवान्याच्या अटी, अल्पवयीन मुलींच्या संरक्षणाचे कायदे, हे सगळं होतं आणि न्यायालयांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. उणीव अंमलबजावणीची होती, आणि ती पोलीस दलाचा प्रमुख मंत्री नवं कलम लिहून भरून काढू शकत नव्हता. शिवाय खातं बदललं म्हणून हत्यार बदलणं भाग होतं असंही नाही. गृहखात्यातच त्यांनी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली : ग्रामसभेने समिती नेमायची, बांधाचे आणि भाऊबंदकीचे वाद सामोपचाराने मिटवायचे, गावाला गुण आणि लोकसंख्येनुसार पुरस्कार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्पर्धा सरली की गाव पुन्हा जसंच्या तसं होतं आणि पुरस्काराचा फलक तेवढा वेशीवर राहतो. तंटामुक्तीत तर ज्याचं गावात वजन, त्याच्याच बाजूने ‘तडजोड’ होण्याचा धोका असतो. दलित कुटुंबाला किंवा छळ सोसणाऱ्या सुनेला गावाच्या नावाखातर गप्प बसवलं जाऊ शकतं. हे मान्यच करायला हवं. बक्षिसाने सवय सुरू होते, हक्काचं रक्षण होत नाही. दुबळ्याला अखेर कायदाच लागतो. मात्र मोहीम फसली तर गाव मागच्या जागी परततं, त्याहून मागे जात नाही. घाईने केलेला फौजदारी कायदा फसला, तर तो रद्द होईपर्यंत ज्यांची रोजीरोटी गेली त्यांना ती वर्षं कोणीही परत देत नाही.

या फरकाची जबाबदारी एकट्या पाटलांवर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. मोहिमेच्या प्रत्येक पायरीवर तपासणी समिती होती. कायद्याच्या वाटेवर ते काम सभागृहाचं होतं. २००५ मध्ये एकमताच्या भरात ३३-ब मधला भेद तसाच राहिला, आणि विरोधी बाकांनाही तो सुधारून घ्यावासा वाटला नाही. नैतिक प्रश्नावर विरोधात उभं राहण्याची भीती सर्वपक्षीय असते. म्हणून अशा विधेयकांची छाननी सर्वांत सैल होते, आणि ती सर्वांत कडक व्हायला हवी असते. मंत्र्याने किती विधेयकं मंजूर करून घेतली, ही मोजणी म्हणून फारशी उपयोगाची नाही. त्याने कायदा कुठे टाळला, कुठे वापरला आणि तो वापरताना सभागृहाने त्याला किती अडवलं, हे तीन प्रश्न विचारले तर पाटलांच्या नोंदवहीत उत्तम गुणही दिसतात आणि नापास झालेला विषयही. त्या विषयाच्या गुणपत्रिकेवर त्यांच्या नावाशेजारी त्या वेळच्या विधिमंडळाचंही नाव लिहायला हवं.