एकट्याचा पराक्रम आणि बाकीचे

लांब पल्ल्याचं धावणं, शहरांचा इतिहास आणि लष्करी सुधारणा. या तिन्ही विषयांवर गेल्या काही दशकांत भरपूर लिहिलं गेलं, आणि तिन्हीकडे एकच खोड दिसते. एक माणूस पुढे काढायचा आणि बाकीच्यांना गर्दीत उभं करायचं. धावणारा एकटा, शहर घडवणारा एकटा आणि सैन्याला वठणीवर आणणारा कर्नलही एकटाच. अशी पुस्तकं भराभर वाचून होतात. मला मात्र ती दुसऱ्यांदा हातात घ्यावीशी वाटत नाहीत.

क्रिस्टोफर मॅकडुगलचं ‘बॉर्न टू रन’ (२००९) घ्या. मेक्सिकोच्या कॉपर कॅन्यनमधले रारामुरी आदिवासी टायरच्या रबराच्या चपला घालून डोंगरदऱ्यांतून मैलोनमैल धावतात आणि अमेरिकेच्या नामांकित धावपटूंना मागे टाकतात. गोष्ट रंगतदार आहे, आणि २००६ सालच्या शर्यतीचं वर्णन तर एका बैठकीत संपवावं असं. पण लोकांनी त्यातून घेतलं काय? महागडे बूट फेका, अनवाणी पळा. त्या लाटेत बोटाबोटांचे बूट विकून गब्बर झालेल्या व्हायब्रम कंपनीला फायद्याचे दावे सिद्ध न झाल्याच्या खटल्यात २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली. खरी गंमत पुढे आहे. मॅकडुगलच्या पुस्तकात ज्यांचा सिद्धान्त आधाराला घेतलाय, त्या हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनीच २०२० साली सहकाऱ्यांसह एक निबंध लिहून ‘जन्मजात धावणाऱ्या आदिवासी’च्या कल्पनेला फाटा दिला. रारामुरींची ‘राराहिपारी’ ही दोन संघांची शर्यत. लाकडी चेंडू पायाने पुढे ढकलत तासन् तास पळायचं, रात्र झाली की गावकरी मशाली घेऊन सोबत धावतात, दोन्ही बाजूंनी पैजा लागतात आणि त्यात प्रार्थनेचाही भाग असतो. म्हणजे जिथून एकट्या वीराची कथा आणली, तिथे धावणं हा गावाचा उद्योग.

या मानाने रिचर्ड आस्क्विथचं ‘फीट इन द क्लाउड्स’ (२००४) आपल्याकडे फारसं पोचलेलं नाही. उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत शर्यती लावणारे मेंढपाळ, खाणकामगार, शेतकरी यांचं हे पुस्तक. केझिकमध्ये पाहुण्यांसाठी घर चालवणाऱ्या बॉब ग्रॅहॅमने १९३२ साली २४ तासांत ४२ शिखरं पालथी घातली. जॉस नेलर या मेंढपाळाने १९७५ साली तेवढ्याच वेळात ७२ केली. ही नावं त्या खोऱ्यांबाहेर फार कुणाला ठाऊक नव्हती. शिवाय ग्रॅहॅमची फेरी मोजायची तर प्रत्येक शिखरावर साक्षीदार लागतो, त्यामुळे ती एकट्याने होतच नाही. रात्री वाट दाखवणारा, पाणी वाहणारा, वेळ लिहिणारा अशी माणसं आस्क्विथ नीट नोंदवतो. यवतेश्वरच्या घाटात सातारा हिल मॅरेथॉन पळणाऱ्यांना हे पुस्तक मॅकडुगलपेक्षा जवळचं वाटेल. मुराकामीचं धावण्यावरचं पुस्तक सर्वांनी वाचलेलं असतं, म्हणून इतकंच: सारोमा सरोवराकाठच्या १०० किलोमीटरनंतर त्याचं धावण्यावरचं मन उडालं, ती पानं त्यात सर्वांत प्रामाणिक आहेत.

शहरांकडे वळलं की रॉबर्ट कॅरोच्या ‘द पॉवर ब्रोकर’ला (१९७४) वळसा घालता येत नाही. कधीही निवडून न आलेल्या रॉबर्ट मोझेसने न्यूयॉर्कचे पूल, रस्ते, बागा चाळीसेक वर्षं आपल्या मुठीत कसे ठेवले, याचा हा बाराशेहून अधिक पानांचा पंचनामा. वरवर पाहता हे एकाच माणसाचं पुस्तक, म्हणजे माझ्या तक्रारीला उदाहरण म्हणून आयतंच. पण कॅरो मोझेसच्या कायद्याच्या मसुद्यांत शिरतो, टोलच्या पैशातून उभे राहिलेले कर्जरोखे उलगडतो, आणि मग ब्रॉन्क्समधल्या एका मैलाच्या रस्त्यासाठी उठवलेल्या सुमारे दीड हजार कुटुंबांच्या दारात जाऊन बसतो. ते प्रकरण आहे म्हणून पुस्तक उभं आहे. तरी एक बोच राहतेच. मोझेसला टक्कर देणाऱ्या जेन जेकब्सवरचं प्रकरण पानं कमी करताना गळलं.

मुंबईला असा मोझेस मिळाला नाही, हे तिच्या इतिहासकारांचं भाग्य म्हणायचं. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. मूळचे गोव्याचे, लहानपणी मुंबईत आलेले. त्यांनी गव्हर्नरांपेक्षा बाजार, देवळं, टांकसाळ, जातीपाती आणि धंदे यांना जास्त जागा दिली. ग्यान प्रकाश यांच्या ‘मुंबई फेबल्स’मध्ये (२०१०) बॅकबेच्या भरावापासून नानावटी खटल्यापर्यंत सगळं आहे, पण ते शहराच्या दंतकथांवर जरा जास्तच भाळलेत. माझी पसंती मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ला (२००४). गिरणगाव तिथल्याच माणसांच्या तोंडून. १९८२ चा संप म्हटलं की दत्ता सामंतांवर येऊन थांबणाऱ्यांनी हे वाचावं. इथे संप चाळीत, खानावळीत, गावी परतलेल्यांच्या घरात शिरतो. काही साक्षी एकमेकींना छेद देतात आणि संपादिकांनी त्या तशाच ठेवल्या, हे फार चांगलं केलं.

लष्करी सुधारणांवरची पुस्तकं रुक्ष असतात, हा समज खरा आहे. तो मोडायला रॉबर्ट कोरमने ‘बॉइड’ (२००२) लिहिलं. अमेरिकन हवाई दलाचा भांडकुदळ कर्नल जॉन बॉइड वरिष्ठांशी झुंजत लढाऊ विमानांचं गणित बदलतो. झकास चरित्र. फक्त ते गणित ज्याच्याबरोबर मांडलं त्या टॉम ख्रिस्टीला नायकाच्या शेजारी दुय्यम जागा.

त्याउलट जेम्स लॉकरचं ‘व्हिक्टरी ऑन द पोटोमॅक’ (२००२). १९८० साली इराणच्या वाळवंटात अमेरिकन ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली, हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण दगावले. वेगवेगळ्या दलांतले लोक, आणि पूर्ण मोहिमेची एकत्र तालीम झालेली नव्हती. १९८२ साली सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल जोन्स यांनी संसदेपुढे आपलीच व्यवस्था सदोष असल्याचं सांगितलं आणि १९८६ साली दलांना एकत्र काम करायला लावणारा गोल्डवॉटर-निकल्स कायदा झाला. मधली चार वर्षं म्हणजे सुनावण्या, मसुदे, नौदलाचा कडवा विरोध. लॉकर स्वतः सिनेट समितीच्या कचेरीत होता, त्यामुळे पुस्तक त्याच्या बाजूने झुकतं. पण सैन्य बदलतं ते कसल्या कटकटीतून, हे इतकं बारकाईने दुसऱ्या कुणी दाखवलेलं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१ साली तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस केली. पहिला प्रमुख रुजू झाला १ जानेवारी २०२० ला. मध्ये एकोणीस वर्षं का गेली, ते अनित मुखर्जींच्या ‘द ॲब्सेंट डायलॉग’मध्ये (२०१९) कळतं. पुढारी लक्ष घालत नाहीत, सनदी अधिकाऱ्यांकडे अधिकार आहे पण जाणकारी नाही, आणि तिन्ही दलं आपापल्या अंगणात राजी. लेखक माजी सैनिक, तरी सैन्याची बाजू घेत नाही.

मराठी वाचकाने याच्या जोडीला राम प्रधानांचं ‘डिबॅकल टु रिव्हायव्हल’ ठेवावं. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचं आपण अजून अभिमानाने सांगतो. प्रधान त्यांचे खासगी सचिव होते आणि त्यांच्या पुस्तकात दिसतो तो सह्याद्री बैठका घेणारा आहे. सेनाप्रमुखांशी रोज सकाळची भेट, दहा डोंगरी डिव्हिजन, सव्वाआठ लाखांचं सैन्य, पाच वर्षांची संरक्षण योजना. चव्हाणांवर लेखकाची माया आहे आणि ती लपत नाही. पण त्याच काळातला, चीनकडून झालेल्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही, त्यामुळे कुणी उलटतपासणी करायची म्हटली तरी हाती लागतात त्या निवृत्तांच्या आठवणी, आणि त्यांत जो तो आपल्यालाच नायक करून बसलेला.