जुनं नाव मागे पडलं तेव्हा

२०२३मध्ये उस्मानाबादला धाराशिव हे जुनं नाव अधिकृतपणे परत मिळालं. आपल्या डबक्यातल्या एका बुळबुळीत हिरव्या शेवाळाचं मात्र उलटं झालं.

जिनिव्हाच्या व्होशे यांनी १८०३मध्ये त्याच्या प्रजातीला 'कॉन्जुगाटा' म्हटलं, कारण प्रजननाच्या वेळी दोन तंतू एकमेकांना जोडले जातात. १८२०मध्ये जर्मनीच्या लिंक यांनी नाव दिलं 'स्पायरोगायरा', कारण पेशीतलं हरितलवक स्प्रिंगसारखं वळलेलं असतं.

नियम म्हणतो, आधीचं नाव खरं. पण पाठ्यपुस्तकांत, प्रयोगशाळांत स्पायरोगायराच रुजलेलं. ते बदललं असतं तर केवढा गोंधळ! म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी नियमाला अपवाद करून तेच नाव 'संरक्षित' केलं. शेवटी नाव कशासाठी? दोघं बोलताना एकाच शेवाळाबद्दल बोलतायत, एवढं कळण्यासाठीच ना!