पडद्यावरचा दगड

शाळेच्या स्मरणिकेत चित्रपटांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या वसतिगृहातील मुले वर्षातून चार-सहा चित्रपट एकत्र बसून पाहतात. जयंतीच्या सप्ताहात एखादा, सहामाही परीक्षा संपली की एखादा. ते कोणते असावेत यावर शिक्षकांच्या बैठकीत दरवर्षी वाद होतो, आणि तो व्हावाच असे आमचे मत आहे. अन्याय दाखवणारे चित्रपट पुष्कळ निघाले. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्या चित्रपटात स्वतः काय करतो, एवढे एकच पाहू लागलो की त्यांच्यात मोठे अंतर दिसू लागते. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने हे अंतर कालक्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१९३६ साल घ्या. आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील विचार पेलवले नाहीत, परिषदच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती पाहता पाहता संपल्या. नेमक्या त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ पडद्यावर आला. रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण तरुण प्रताप यांची ही कथा. देविका राणी आणि अशोककुमार यांच्या भूमिका, दिग्दर्शन फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन गृहस्थाचे. त्या काळी हा विषय घेणे धाडसाचे होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु शेवटी धावती गाडी थांबवताना कस्तुरी मरते आणि फाटकाजवळ तिचे स्मारक उभे राहते. जिवंत कस्तुरीला त्या समाजात जागा नव्हती. मेलेल्या कस्तुरीपुढे हात जोडायला कोणाची हरकत नव्हती.

‘सुजाता’ १९५९चा. बिमल रॉय यांचे दिग्दर्शन आणि नूतनचा अभिनय यांविषयी आदर बाळगूनही आम्हाला या चित्रपटाशी भांडावेसे वाटते. ब्राह्मण घरात वाढलेल्या या अस्पृश्य मुलीला तिची पालक आई मुलगी म्हणून स्वीकारते ती केव्हा? सुजाताचे रक्त तिच्या अंगात चढते आणि ती वाचते तेव्हा. मुलगी ठरण्यासाठी रक्ताची बाटली द्यावी लागली! १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी असा स्वीकार मागणेच सोडून दिले होते. तीन वर्षांनी आलेल्या या चित्रपटाला त्याची चाहूलही लागलेली दिसत नाही. मराठीत मात्र त्याआधीच, १९५४ साली, आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला होता आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. पण ती परंपरा पुढे फारशी चालली नाही.

मग आला ‘अंकुर’, १९७४चा. श्याम बेनेगल यांचा हा पहिला कथापट. मुंबईत दलित पँथर स्थापन होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तेलंगणातील एका गावात जमीनदाराचा मुलगा सूर्या शेती पाहायला येतो. घरकामाला असलेली लक्ष्मी त्याला हवी असते, तिच्या पोटातले मूल नको असते. लक्ष्मीचा नवरा किष्टय्या मुका आणि बहिरा आहे. तो बऱ्याच दिवसांनी परततो, लक्ष्मीला दिवस गेलेले पाहून आनंदतो आणि काम मागायला सूर्याकडे निघतो. त्याच्या हातात काठी पाहून सूर्याला वाटते, हा सूड घ्यायला आला. तो त्याला बेदम मारतो. पापी माणसाची भीती म्हणजे काय, हे आमच्या पाहण्यात इतके उघडे क्वचितच कोणी दाखवले असेल. लक्ष्मी धावत येते, त्याला शिव्याशाप देते. सूर्या दाराआड लपतो. एक लहान मुलगा दगड उचलतो, सूर्याच्या खिडकीवर फेकतो आणि पळून जातो. पडदा लाल होतो.

शबाना आझमी आणि साधू मेहेर यांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, याची नोंद सर्वत्र आढळते. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की दगड फेकणाऱ्या मुलाची स्वतःची कहाणी चित्रपटात नाही. ज्याला मार बसला त्याला वाचा नाही आणि जो उत्तर देतो तो लगेच दिसेनासा होतो. सहा वर्षांनी आलेल्या गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्येही (लेखन विजय तेंडुलकरांचे) आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प आहे. बोलतो तो त्याचा वकील, आणि वकिलाचे आडनाव कुलकर्णी. ओम पुरींची ती नजर विसरता येत नाही, हे खरे. तरीही प्रश्न उरतोच की आपली माणसे पडद्यावर इतकी वर्षे मुकी का राहिली? आमच्या मते याचे कारण कॅमेरा कोणाच्या हातात होता, यात आहे. हे दिग्दर्शक प्रामाणिक होते, पण त्यांनी हा अन्याय बाहेरून पाहिला होता.

‘फँड्री’ हा २०१३चा चित्रपट. फेब्रुवारी २०१४मध्ये तो चित्रपटगृहांत आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. आठवी-नववीच्या वयाचा जब्या, त्याला शाळा आवडते, वर्गातील शालू आवडते, नवी जीन्स हवी असते, आणि गावाला त्याच्या घराण्याकडून हवे असते ते फक्त डुकरे पकडणे. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो आणि वर्गाबाहेर तीच व्यवस्था चालू असते. हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी पाहावा. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. पुढे मारलेले डुक्कर बांबूला बांधून बापलेक नेत असताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. संवाद एकही नाही. आमच्या मुलांनी हे दृश्य पाहिले तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत कोणी हलले नाही.

आणि मग दगड. साऱ्या गावादेखत, शालूच्याही देखत, झालेली टवाळी जब्याला असह्य होते. तो दगड उचलू लागतो. शेवटचा दगड थेट आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. ‘अंकुर’मधला दगड जमीनदाराच्या काचेवर बसला होता, हा पाहणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोहोंच्या मध्ये सुमारे चाळीस वर्षे गेली आहेत. या वेळी दगड फेकणाऱ्याचे नाव, त्याचे घर, त्याची शाळा, त्याचे स्वप्न सगळे आपल्याला ठाऊक झालेले असते. शहरातील काही प्रेक्षकांना तो शेवट अंगावर आला, असे आम्ही ऐकले. यायलाच हवा होता.

वसतिगृहात ‘फँड्री’ दाखवल्यानंतर नववीतील एका मुलाने विचारले, “सर, दुसऱ्या दिवशी जब्याच्या घरी काय झालं असंल?” टाळ्या वाजवून मोकळे झालेले आम्ही शिक्षक या प्रश्नाने गप्प झालो. कारण उत्तर आपल्या सर्वांना माहीत आहे. गावात ज्यांचे एकच घर असते त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी कोण येते, हे त्या मुलाला आमच्यापेक्षा अधिक माहीत असावे. आशा दाखवणाऱ्या चित्रपटाची खरी परीक्षा या प्रश्नापाशी होते, असे तेव्हापासून आम्ही मानू लागलो.

याचे एक उत्तर मारी सेल्वराज यांच्या ‘कर्णन’ (२०२१) या तमिळ चित्रपटात आहे. १९९५ साली तमिळनाडूतील कोडियनकुलम येथे दलित वस्तीवर पोलिसांनी केलेल्या हल्ल्याची त्याला पार्श्वभूमी आहे. गावाला बसचा थांबा नाही. गर्भवती बाई रस्त्यावर उभी असते, बस न थांबता जाते, तिचा लहान मुलगा दगड भिरकावतो. येथे मात्र तो मुलगा एकटा पडत नाही. अख्खे गाव त्याच्यामागे उभे राहते. त्याची किंमतही अख्खे गाव मोजते, आणि चित्रपट ती लपवत नाही.

दुसरे उत्तर न्यायालयाच्या दिशेने जाते, आणि तेथे निराशा पुष्कळ आहे. चैतन्य ताम्हणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांसाठी राखून ठेवतो, कारण त्यात काहीच घडत नाही असे लहानांना वाटते. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचे गीत ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे खरेखुरे आंबेडकरी कार्यकर्ते. एप्रिल २०२१मध्ये त्यांचे निधन झाले. मृताची पत्नी साक्षीत सांगते की तो आत उतरण्यापूर्वी गटारात दगड टाकून पाहत असे. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. ना हातमोजे, ना मुखवटा. दगडाचा हा उपयोग ऐकून आम्हाला बाकी सारे दगड विसरायला झाले.

त्या नववीतील मुलाला आम्ही पुढे ‘जय भीम’ (२०२१) दाखवला. टी. जे. ज्ञानवेल यांचा हा चित्रपट तमिळनाडूत १९९३ साली पोलीस कोठडीत झालेल्या एका मृत्यूच्या खऱ्या खटल्यावर आधारित आहे. तो लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पोलीस म्हणतात, आरोपी पळून गेले. वकील म्हणतो, मग त्यांना न्यायालयापुढे हजर करा. यालाच बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज म्हणतात. उच्च न्यायालयात तो संविधानाच्या कलम २२६खाली होतो, सर्वोच्च न्यायालयात कलम ३२खाली; आणि सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे विचाराल तर मी ३२वेच सांगेन, ते संविधानाचा आत्मा आहे, अशा आशयाचे बाबासाहेब ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलले होते. चित्रपटाचे नाव ‘जय भीम’ का, हे मुलांना समजावताना आम्ही हीच दोन कलमे फळ्यावर लिहितो.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो: येथेही तारणारा नायक बाहेरून आलेला वकीलच आहे, मग ‘आक्रोश’पेक्षा वेगळे काय? आक्षेपात तथ्य आहे. पण सेंगेनीला पाहा. गरोदर, निरक्षर, नवरा बेपत्ता. पोलीस तिला गाडीतून घरी सोडायला विनवतात, ती लेकीचा हात धरून चालत राहते आणि पोलिसांची गाडी तिच्या मागून सावकाश येत राहते. तडजोडीचे पैसेही ती नाकारते. वकील कायदा जाणतो, पण खटला तिच्या नकारावर उभा आहे. कोठडीतील मारहाणीची दृश्ये मात्र इतकी भयानक आहेत की हा चित्रपट आठवीखालील मुलांना मुळीच दाखवू नये. मोठ्यांनाही आधी सांगून ठेवावे.

तो मुलगा आता दहावीत आहे. ‘जय भीम’ संपल्यावर त्याने वेगळाच प्रश्न विचारला: “सर, असा अर्ज लिहायचा कसा? वकील नसला तर चालतो का?” आम्ही इतिहास शिकवतो, चार वाक्यांपलीकडे आम्हाला सांगता आले नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज वकिली करतात. येत्या हिवाळ्यात ‘कोर्ट’ आणि ‘जय भीम’ पुन्हा दाखवण्याचा विचार आहे. त्यांच्यापैकी कोणी त्या दोन दिवशी मुक्कामी आले, तर चित्रपटानंतरचा तास आम्ही त्यांच्या हवाली करू. येताना अशा एखाद्या अर्जाचा नमुना मात्र मराठीत आणावा, मुले तो उतरवून घेतील.