राजा राजाला खेटत नसतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आमच्या गावी, तेरला, आला की मोबाइल हातातून सुटत नाही. यंदा त्यानं ओट्यावर बसून आबांना ‘कोड गियास’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला एक प्रसंग दाखवला. लेलूश आणि त्याचा सावत्रभाऊ श्नायझेल बुद्धिबळ खेळताहेत, भोवती लग्नाच्या मेजवानीची मंडळी जमलीये. श्नायझेल आपला पांढरा राजा उचलतो आणि थेट काळ्या राजाच्या शेजारच्या घरात नेऊन ठेवतो. मागचं संगीत चढतं. आबांनी चष्मा वर केला नि म्हणाले, “आरं, राजा राजाला खेटत असतोय का कुठं?”

भाच्याचं म्हणणं, जपानी माणसं फार काटेकोर, ती चुकीचं दाखवणारच नाहीत. हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. पण इथं आबा बरोबर. राजाला शह बसेल अशा घरात तो जाऊच शकत नाही, आणि दुसऱ्या राजाच्या शेजारचं प्रत्येक घर त्याच्या माऱ्यातलंच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अशी चाल केली तर ती मागे घ्यावी लागते आणि प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढतात. पुन्हा नियमबाह्य चाल झाली तर सहसा डाव जातो. शिवाय त्या प्रसंगाचा सगळा ताण ‘आता लेलूश राजा मारतो की मागे सरतो’ यावर आहे. बुद्धिबळात राजा मारलाच जात नाही. मात झाली की डाव संपला, राजा पटावरच राहतो. कथेच्या दृष्टीनं मात्र ती चाल झकास आहे, कारण समोरचा माणूस कसा आहे हे श्नायझेलला चाचपायचं आहे. नियम मोडला तो लेखकानं जाणूनबुजून, असं मला वाटतं.

याच मालिकेच्या पहिल्याच भागात लेलूश दुसऱ्याचा हरत आलेला डाव हाती घेतो आणि आधी राजा हलवतो. ते पाहून बुद्धिबळ शिकलेली पोरं हसतात. त्यांना शिकवलेलं असतं, राजा कोपऱ्यात, किल्लेकोट करून. सुरुवातीला ते खरंच, पण मोहरे कमी झाले की राजा हा लढणारा मोहरा होतो. कधी कधी तर त्याआधीही. 1991 मध्ये टिलबर्गच्या स्पर्धेत नायजेल शॉर्टनं यान टिमनविरुद्ध वजीर आणि हत्ती पटावर असताना राजा एकेक घर पुढे चालवत नेला. चौथ्या पावलाला, म्हणजे डावाच्या 34 व्या चालीला, टिमननं हार मानली.

‘नो गेम नो लाइफ’ या दुसऱ्या अ‍ॅनिमेबद्दलची तक्रार वेगळी. तिथं प्यादी हुकूम मानत नाहीत, मोहरे घाबरतात, फितूर होतात. हे बुद्धिबळच नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी गोष्टीतली अट लक्षात घ्यावी: त्या जगात दोन्ही खेळाडूंनी आधी कबूल केलेले नियम हेच नियम. मग चूक कुठली?

आणि ‘नारुतो’त शिकामारू आपल्या गुरूबरोबर खेळतो तो बुद्धिबळाचा डाव मुळातच नाही, ती जपानी शोगी. 81 घरांचा पट, दोघांचे वीस-वीस मोहरे, आणि मारलेला मोहरा आपल्या बाजूनं पुन्हा पटावर उतरवता येतो. ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’मधल्या शोगीच्या डावांवर तर मानाबू सेन्झाकी या व्यावसायिक खेळाडूची देखरेख होती. भाच्याचा ‘काटेकोर जपानी’ इथं सापडतो. स्वतःच्या खेळाला ते जपतात. पाश्चात्त्य बुद्धिबळ बहुतेकदा नुसतं हुशारीची खूण म्हणून पटावर मांडलेलं असतं.

एवढं ऐकून भाचा आबांवरच उलटला. “मग आबा, तुम्ही परवा राजा घोड्यासारखा उडवलात, ती चीटिंग नाही का?”

नाही. आबा खेळतात ते देशी बुद्धिबळ. त्यात शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येते, किल्लेकोट नाही. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, त्यामुळे जाता जाता प्यादं मारण्याचा तो युरोपी प्रकार उद्भवतच नाही. पलीकडच्या टोकाला पोहोचलेलं प्यादं हवं ते होत नाही, ते ज्या रांगेत पोहोचलं तिथला मोहरा होतं. प्याद्यानं दिलेली मात जुन्या खेळाडूंच्या लेखी फार मानाची. शोगीत मात्र हातातलं प्यादं नव्यानं उतरवून तिथल्या तिथं मात देणं निषिद्ध आहे! एकाच कुळातले खेळ, पण प्याद्याची इज्जत घरागणिक वेगळी.

हे नियम कुणी खेड्यातल्या म्हाताऱ्यानं अंदाजानं केलेले नाहीत. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचं वर्णन केलं, आणि या भट्टांचं मूळ घराणं पैठणचं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर आहे, असं ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय. तगर म्हणजे आमचं तेर.

इथं आणखी एक गैरसमज निस्तरावा लागतो. गावातल्या लामतुरे संग्रहालयात भाजक्या मातीच्या छोट्या मूर्ती पाहिल्या की पोरं विचारतात, या बुद्धिबळाच्या सोंगट्या का? तेरची ही समृद्धी प्रामुख्यानं सातवाहनकाळातली. चतुरंगाचा, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या रूपाचा, भरवशाचा उल्लेख येतो तो सातव्या शतकात, बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त. मध्ये काही शतकांचं अंतर आहे. त्या काळी तेरमध्ये सोंगट्या-फासे खेळले जात असतील, बुद्धिबळ नव्हे.

संध्याकाळी पुन्हा पट मांडला. मोहरे लावताना भाच्यानं उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं आहे ना, हे पाहून घेतलं. मग हात आखडता घेऊन विचारलं, “आबा, आज राजाची उडी धरायची का?”

“धरायची,” आबा म्हणाले. “पन शह बसायच्या आत.”